व्हय म्हाराजा, पण पगार किती?

मुलाखतीला निघालेला माणूस मालवणात लपत नाही. आमच्याकडे शर्ट पँटीत खोचून दोनच जण फिरतात : बँकेत नव्याने बदली होऊन आलेला मॅनेजर आणि मुलगी बघायला निघालेला मुलगा. त्यामुळे त्या सकाळी मी प्लास्टिकचा फोल्डर काखोटीला मारून खळ्यात उतरलो, तेव्हा पडवीत सुपारी कातरत बसलेल्या आजीचा अडकित्ता जागच्या जागी थांबला.

"खंय रे चल्लंस? चेडू बघूक?"

"नाय गो. मुलाखतीक. एका संस्थेत."

"संस्थेत?" आजीचा चेहरा उजळला. "मगे येताना इचारून ये, सोन्यार किती देतत."

आजीचे काही चुकले नव्हते. आमच्या किनाऱ्यावर 'संस्था' या शब्दाला दोनच अर्थ आहेत. बाजारपेठेत उच्चारला तर पतसंस्था आणि बंदरावर उच्चारला तर मच्छीमार सहकारी संस्था. पहिलीत कर्ज मिळते, दुसरीत डिझेल. जिथे यातले काहीच मिळत नाही आणि तरी माणसे दिवसभर टेबलाभोवती बसून असतात, अशी तिसरी संस्था आजीच्या हिशेबात नव्हती.

"ही तशी संस्था नाय गो. ही समाजसेवा करता."

"फुकट?"

"फुकट कशी? कामाक ठेवतत त्येंका पगार देतत."

"मगे सेवा कसली ती?" आजी म्हणाली आणि अडकित्ता पुन्हा चालू झाला.

या प्रश्नाचे उत्तर मी पुढची सहा वर्षे शोधत होतो. त्यासाठी मी चार मुलाखती दिल्या आणि एक घेतली.

खरे तर ही तिसरी संस्था आमच्या जिल्ह्याला नवी नाही. कणकवलीत आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम काढला. मेलेल्या जनावरांचे चामडे कमावणे, मैल्याचे सोनखत करणे, स्वस्त संडास बांधणे, म्हणजे ज्या कामांसाठी कोणी रांग लावत नव्हते ती सगळी कामे त्यांनी अंगावर घेतली. पण मला जास्त कौतुक वाटते ते आप्पासाहेबांनी त्याच्याआधी दिलेल्या एका मुलाखतीचे. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. तुरुंगात हे काम जात बघून दिले जाई, आणि आप्पासाहेबांची जात त्या कामासाठी 'अपात्र' होती. अर्ज नामंजूर झाला, तसे त्यांनी अन्न कमी केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळले आणि डिसेंबरात त्यांनीही आप्पासाहेबांसाठी उपवास धरला. आश्वासन मिळाले, तेव्हा कुठे तो सुटला. संडास सफाईची, बिनपगारी, तुरुंगातली जागा, आणि तिच्यासाठी अर्जदार उपाशी आणि त्याचा रेफरन्सही उपाशी! आम्ही अर्जाच्या तळाशी ज्यांची नावे रेफरन्स म्हणून देतो, ते फोनसुद्धा उचलत नाहीत.

आप्पासाहेबांनंतर गडनदीतून बरेच पाणी वाहून गेले. १९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य झाला. २०१२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सागरी जैवविविधतेचा प्रकल्प सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आला, आणि त्याच्या मागून लहानमोठ्या संस्थांची ये-जा सुरू झाली. जरा बारकाईने पाहिले तर कळते, की आमच्याकडचे सगळे प्रकल्प एकाच अक्षरावर उभे आहेत : कासव, कांदळवन, कालवे, कुर्ल्या, कोकम, काजू, काथ्या, कोंबड्या, कचरा. मुळाक्षरांतली पुढची अक्षरे बहुधा निधीअभावी पडून आहेत. या सगळ्याला लागणारा कार्यकर्ताही 'क'चाच आणि त्याची नेमणूकही कंत्राटी.

मी पहिली मुलाखत दिली ती 'काजू'ची.

जाहिरातीत लिहिले होते : समाजकार्याची आवड, संवादकौशल्य, संगणकाचे ज्ञान, ग्रामीण भागात फिरण्याची तयारी, स्वतःची दुचाकी आवश्यक. यातल्या पहिल्या चार गोष्टी शोभेच्या असतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. संस्थेचे ऑफिस म्हणजे भाड्याने घेतलेले कुडाळकडचे एक चिरेबंदी घर. मालक मुंबईला. पडवीत आम्ही सात उमेदवार. त्यात पुण्याहून एमएसडब्ल्यू करून आलेली एक मुलगी होती, जिची फाईल आम्हा सहा जणांच्या मिळून होईल त्याच्यापेक्षा जाड होती. एक मुंबईहून परत आलेला होता, तो दर वाक्याआधी "आमच्या अंधेरीच्या ऑफिसात" म्हणत होता. आणि चार डीएडवाले. डीएड झालेला तरुण सिंधुदुर्गात होणाऱ्या प्रत्येक मुलाखतीला हजर असतो. शिक्षकभरती होईपर्यंत तो सराव करत असतो. त्यातला एक जण तर आदल्याच दिवशी गॅस एजन्सीत मुलाखत देऊन आला होता आणि तिथली उत्तरे इथे कितपत चालतील याचा विचार करत होता.

आत तिघे होते. अध्यक्ष, ज्यांना सगळे दादा म्हणत. हिशेब बघणाऱ्या एक ताई. आणि विश्वस्त म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. संस्थांमध्ये सर-मॅडम नसतात, दादा-ताई-भाऊ असतात. त्याने घरच्यासारखे वाटते. आणि घरी कामाचे पैसे मागायची पद्धत नसते, हेही आपोआप लक्षात राहते.

दादांनी "समाजसेवेकडे का वळावेसे वाटले?" असे विचारायला सुरुवात केली, तोच मुख्याध्यापकांनी त्यांना हाताने थांबवले आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितले.

"तू कोणाचो रे?"

मी सांगितले.

"म्हणजे भरडावरचे? तुझी आत्या चौक्याक दिली ती?"

"होय गुरुजी."

"तिच्या घोवाचा पेन्शन सुरू झाला?"

पुढची दहा मिनिटे माझ्या मुलाखतीत माझ्या आतोबांच्या पेन्शनची कागदपत्रे तपासली गेली. मोठ्या शहरांतल्या कंपन्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासायला म्हणे पैसे देऊन माणसे नेमतात. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक पुरतो, आणि तो चहावर भागतो.

मग ताईंनी कामाचे विचारले. गाडी कोणती? कितवे मालक? लिटरमागे किती जाते? पावसात प्लगमध्ये पाणी जाते का? माणगाव खोऱ्यातला चढ मागे माणूस बसवून चढेल का? मी गाडीच्या वतीने सगळी उत्तरे दिली. ती नेमकी आणि प्रामाणिक होती, तिथेच चुकले. माझ्यापेक्षा दोन वर्षे नवी गाडी असलेला एक डीएडवाला निवडला गेला. निकालाचा निरोप गुरुजींनीच आत्याकडे पाठवला, पेन्शनच्या अर्जासोबत.

दुसरी मुलाखत 'कांदळवना'ची. इथे मी तयारीने गेलो, कारण कांदळवनात मी लहानाचा मोठा झालो होतो. चिपी कुठली, तिवर कुठली, कांदळ कुठला हे मला झाडाच्या मुळावरून कळते, कारण लहानपणी भरतीच्या वेळी कुर्ल्या पकडायला जाऊन त्याच मुळांत पाय अडकवून घेतलेला आहे आणि घरी आल्यावर त्याबद्दल मारही खाल्लेला आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवून आणतात, तेही मी वाचून गेलो होतो.

पण मुलाखत घेणारे तज्ज्ञ पुण्यात होते आणि मुलाखत लॅपटॉपवर होती. ऑफिस खाडीच्या काठाला, खोलात. तिथे रेंज नाही. रेंज आमच्याकडे सड्यावर राहते. म्हणून संस्थेचा समन्वयक, लॅपटॉप, एक प्लास्टिकची खुर्ची आणि पाच उमेदवार अशी वरात पाऊलवाटेने सड्यावर चढली. कातळावर खुर्ची मांडली. वारा इतका, की एकाने उमेदवाराची फाईल धरायची, दुसऱ्याने लॅपटॉपवर शर्टाची सावली करायची. एका जागेसाठी स्पर्धा करणारे पाच जण एवढ्या सहकार्याने वागताना मी तरी पुन्हा पाहिले नाहीत. एकाचा प्रश्न सगळ्यांना ऐकू जात होता, त्यामुळे पाचव्याची उत्तरे सर्वोत्तम झाली.

मला पहिलाच प्रश्न आला, "परिसंस्थेच्या सेवा कोणत्या, सांगाल?"

परिसंस्था! मला वाटले, पतसंस्थेची बहीण असावी. तिच्या कोणत्या शाखेबद्दल विचारताहेत, या विचारात मी अडकलो. नंतर कळले, की कांदळवन आपल्याला जे जे देते त्याला परिसंस्था सेवा म्हणायचे : मासळीच्या पिल्लांना आसरा, काठाची माती धरून ठेवणे, वादळाला अडवणे. हे सगळे मला माहीत होते. त्या माहितीचे नाव तेवढे माहीत नव्हते. बोरीबाभळी ओळखणाऱ्याला वनस्पतिशास्त्रात नापास करतात, तसे झाले.

माझ्यानंतरचा मुलगा आचऱ्याचा होता. त्याला विचारले, "तुमच्या गावात स्थलांतराचं प्रमाण साधारण किती?"

"शंभर टक्के," तो शांतपणे म्हणाला.

पुण्यात शांतता पसरली. सड्यावर वारा वाहत राहिला.

"शंभर टक्के म्हणजे... सगळी कुटुंबं?"

"होय. गुरा, कोंबडे, कुत्रे, सगळे."

तो गावपळणीबद्दल सांगत होता. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन अख्खे आचरे तीन दिवस गाव सोडून वेशीबाहेर राहुट्यांत राहते, गावात चूल पेटत नाही, ही आमच्या तालुक्यातल्या पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट. पलीकडच्या बाईंनी मात्र ते गंभीरपणे टिपून घेतले. "आणि परत येतात?" त्यांनी विचारले. "देवान कौल दिलो तर येतत," तो म्हणाला. त्याला नोकरी मिळाली. एवढी ठोस आकडेवारी त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

तिसरी मुलाखत मासेमारीच्या प्रकल्पाची आणि तिच्यात गटचर्चा होती. विषय : 'शाश्वत मासेमारी : आव्हाने व संधी'. आठ उमेदवार गोल बसले, एक तज्ज्ञ बाजूला तक्ता घेऊन बसले. तक्त्यावर चार रकाने होते : नेतृत्व, विषयाचे ज्ञान, स्पष्टता, वेळेचे भान. सूचना अशी, की एका वेळी एकानेच बोलावे आणि समोरच्याच्या मताचा आदर राखावा.

ज्याने हा विषय निवडला तो मालवणचा नव्हता, हे सांगायला नको. आमच्या किनाऱ्यावर रापण म्हणजे जाळे किनाऱ्यावरून समुद्रात सोडून पाच-पन्नास माणसांनी दोन्ही बाजूंनी ओढायचे आणि मिळालेली मासळी वाटे घालून वाटून घ्यायची. पर्ससीन म्हणजे मोठ्या बोटीने बांगड्याच्या थव्याभोवती जाळ्याचा वेढा टाकून तळाची दोरी खेचायची आणि अख्खा थवाच उचलायचा. २०१६ साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, पण भांडण काही निर्बंधात राहिले नाही. आठ उमेदवारांपैकी तिघे रापणकरांच्या घरचे आणि एकाच्या मामाची पर्ससीनची बोट. पहिल्या मिनिटाला 'आदरणीय मित्र' असे संबोधन होते. तिसऱ्या मिनिटाला मामाचा उल्लेख आला. पाचव्या मिनिटाला मामाच्या बोटीने अमुक साली कोणाची जाळी फाडली तो हिशेब निघाला, आणि शर्ट पँटीबाहेर आले. तज्ज्ञ "संधी! संधींवर बोला!" असे ओरडत होते. त्यांना वाटले मारामारी होणार. आम्हाला माहीत होते, की मालवणात एवढा आवाज हवापाण्यावर बोलतानाही होतो.

नेमकी त्याच वेळी मासे घेऊन एक काकी दारात आली. टोपली खाली ठेवून तिने दोन मिनिटे ऐकले आणि मग तिने तोंड उघडले. रापणीत वाटा कसा मोडतो, दोन महिन्यांच्या पावसाळी बंदीत घर कशावर चालते, बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या बोटी रात्री कुठवर येतात आणि हे सगळे भांडण पुरुषांनी करून झाल्यावर उधारी कोणाच्या दारात येते, हे तिने चार वाक्यांत मांडले. शेवटी म्हणाली, "आता आटपा बगूया. माजी सुरमय मऊ पडता."

तज्ज्ञांनी खाली मान घालून तक्त्यात गुण भरले. चारही रकान्यांत सर्वांत जास्त गुण काकीला होते. नेतृत्व, ज्ञान, स्पष्टता, आणि वेळेचे भान तर पैकीच्या पैकी. फक्त ती उमेदवार नव्हती आणि पदवीधरही नव्हती. तिच्याकडून त्यांनी सुरमई घेतली. आम्हा आठांपैकी कोणालाच घेतले नाही.

चौथी मुलाखत 'कासवा'ची, आणि तीत मी निवडला गेलो. त्याचे श्रेय मी पूर्णपणे स्वतःकडे घेत नाही, कारण यावेळी बाबांनी देवळात गाऱ्हाणे घातले होते. नारळ ठेवला, गावकरी गोळा झाले आणि गाऱ्हाणे सुरू झाले.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुज्या लेकरान नोकरीसाठी चवथ्यांदा अर्ज केल्लो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर त्येका यश दी. आणि खजिनदाराचो जो कोण भाचो मदी आडवो येता, त्येका ह्येच्यापेक्षा बरी नोकरी दुसरीकडे गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण पैसे देणारो असात, त्येची बुद्धी वर्षाच्या मदी फिरू नको म्हाराजा! पयलो हप्तो वेळेर येवंदे, आणि पगार म्हयन्याच्या म्हयन्याक पडांदे रे म्हाराजा!"

या शेवटच्या मागणीला आलेला 'व्हय म्हाराजा' सर्वांत मोठा होता. त्यात दोन अंगणवाडी सेविका आणि एक कंत्राटी वीज कर्मचारी सामील होते.

मग कौल लावला. देवाने अर्ध्या तासात, सगळ्यांदेखत, उजवा कौल दिला. संस्थेने मात्र "आम्ही कळवू" म्हटले आणि सहा आठवडे घेतले. निवड पद्धतीत पारदर्शकता म्हणजे काय, ते आमच्या देवळाकडून शिकावे.

पगाराची गोष्ट निघाली ती मुलाखत संपता संपता, दारात, चपला घालताना. ती तशीच निघते. "मानधनाबद्दल तुमची अपेक्षा काय?" संस्थेत पगार नसतो, मानधन असते. आमच्या देवळात मानकऱ्याला निदान नारळ तरी मिळतो, म्हणून मी धीर करून एक आकडा सांगितला. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असे दुःख पसरले, की मीच त्यांची क्षमा मागितली.

त्यांचेही खोटे नव्हते. पुढे हिशेब बघायला लागलो तेव्हा मला ते कळले. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि त्या निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. देशातल्या मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. पण कंपनीला आवडते ती वस्तू, जिच्यावर नाव रंगवता येते : टाकी, शिलाई मशीन, सौर दिवा. कार्यकर्त्याच्या पाठीवर नाव रंगवता येत नाही. म्हणून त्याला पगाराआधी टी-शर्ट देतात. माझ्या पहिल्या महिन्याच्या हिशेबात मी स्वतःला 'प्रशासकीय खर्च' या सदरात, स्टेशनरी आणि चहापाणी यांच्या मधोमध, पाहिले. बाबांनी तोपर्यंत माझ्यावर केलेल्या खर्चाला कधी असे नाव दिले नव्हते.

काम मात्र मला आवडले. थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्याने चालायचे, ऑलिव्ह रिडले मादीने वाळूवर उमटवलेला माग शोधायचा, घरटे सापडले की अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागी तशीच पुरायची आणि दीड-दोन महिने वाट बघायची. पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे निघाली की वाटते, आपल्यालाही 'प्रशासकीय खर्च' म्हणोत खुशाल. अडचण एकच होती. प्रकल्प तीन वर्षांचा होता आणि ऑलिव्ह रिडले वयात यायलाच दहा-पंधरा वर्षे लागतात. मोठी होऊन ती अंडी घालायला आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे परत येते. म्हणजे माझ्या हातून समुद्रात गेलेली मादी जेव्हा माघारी येईल, तेव्हा संस्थेचे ऑफिस असलेल्या घरात होम-स्टे असेल आणि तिथे तिला कोणी ओळखणार नाही. तीन वर्षांनी प्रकल्प संपला. अंतिम अहवालात माझा फोटो आहे. कासवाचा मोठा आहे, माझा मागे आहे.

मग गेल्या वर्षी नवा निधी आला आणि मुलाखत घ्यायला मलाच बोलावले. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर कळले, की तिथे खुर्चीला गादी असते आणि चहासोबत खाजे येते. माझ्यासोबत हिशेबाच्या ताई आणि बाहेरून आलेले एक सल्लागार. तक्त्यात एक रकाना होता, 'प्रेरणा', गुण दहा.

"तुम्हाला हे काम का करायचंय?" सल्लागार प्रत्येकाला विचारत. चौदा उमेदवारांपैकी अकरा जणांना समाजाचे ऋण फेडायचे होते. आमच्या पतसंस्थेचीसुद्धा एवढी थकबाकी नसेल. मला त्यांची कीव आली, कारण चारही वेळा मीही तेच ऋण फेडायला निघालो होतो. फेडण्यासाठी काही मिळकत लागते, हे बोलायची तिथे सोय नसते.

बारावा आला तो दांडीवरचा. बारावी शिकलेला, हात रापणीने राठ झालेले. शर्ट खोचलेला नव्हता.

"कासव किती अंडी घालतं?" सल्लागारांनी विचारले. आधीच्या सगळ्यांनी 'सरासरी शंभराच्या आसपास' असे बिनचूक सांगितले होते.

"थंय मोजीत बसलंय तर कोलो येता," तो म्हणाला. "आधी काडूची, मगे मोजूची."

"बरं. पण हे काम तुला का करायचंय? प्रेरणा काय?"

त्याने बराच वेळ विचार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माका मुंबयक जावचा नाय."

सल्लागारांनी पेन खाली ठेवले. "ही काही प्रेरणा नव्हे," ते हळूच मला म्हणाले.

मला काही सुचेना. आमच्या घरातले प्रत्येक पिढीतले निम्मे पुरुष चाकरमानी. गावातली चांगली घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली आणि कुलपे लावून बंद झाली. १९९८ साली कोकण रेल्वे धावू लागली तेव्हा वाटले होते, माणसे आता परत येतील. गाडी दोन्ही दिशांना जाते, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात आठ लाख अडुसष्ट हजारांवर माणसे होती, २०११ मध्ये ती एकोणीस हजारांनी कमी भरली. देशभर गर्दी वाढत असताना आम्ही माणसे कमी करून दाखवली. आणि मादी कासव जन्माच्या किनाऱ्याकडे परत येते, या एका गोष्टीवर आम्ही अख्खे प्रकल्प लिहितो. तोच किनारा न सोडण्याची परवानगी मागायला एक माणूस समोर बसला होता, तर त्याला आम्ही प्रेरणा विचारत होतो.

हे सगळे मी बोललो नाही. मी फक्त रकान्यात दहा लिहिले. सल्लागारांनी दोन लिहिले. ताईंनी दोघांच्या तक्त्यांत डोकावून सहा लिहिले. सरासरी सहा आली, आणि सहा गुणांवर माणूस पास होतो.

पहिल्या महिन्यात तो सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन आमच्या वाडीत आला. मी खळ्यात त्याची गाडी बघत उभा होतो. गाडी त्याच्या भावाची होती. आजी पडवीत सुपारी कातरत होती. त्याने फॉर्म काढला, पेन उघडले आणि "आजये, तुमच्या कुटुंबात..." एवढेच म्हणाला.

"आधी माका सांग, तू कोणाचो?"

त्याने सांगितले. मग आईचे माहेर सांगितले. मग बहीण कुठे दिली ते, भावाच्या होडीवर कर्ज किती ते, यंदा बांगडा कसा लागला ते, आणि बापाची साखर किती ते. अर्ध्या तासात फॉर्म कोरा होता आणि आजीचे सर्वेक्षण पूर्ण झाले होते. शेवटचा रकाना तेवढा राहिला होता.

"पगार देतत?"

"देतत, आजये."

"वेळेर?"

पोराने माझ्याकडे पाहिले. मी माडाकडे पाहू लागलो. पहिला हप्ता अजून यायचा होता.

"मगे ती सेवाच," आजी म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर सुपारीचे खांड ठेवले.